माळ्यावरचे कॅट आणि मामांची गंजिफा

कल्याणहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटणार नाही अशा बेताने ते थोडक्यात देते. वय ३८, खासगी कंपनीत नोकरी. घरात नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. गेली काही वर्षं त्या पत्त्यांचे कॅट जमवतात. सुरुवात झाली ती काकांनी दिलेल्या एअर इंडियाच्या जुन्या कॅटपासून. आज दोनशेच्या वर कॅट आहेत. त्यातले निम्म्याहून अधिक परदेशातून मागवलेले, मर्यादित संख्येत छापलेले आणि सील न फोडलेले. महिन्याला चार-पाच हजार रुपये जातात. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर येतं. नवऱ्याला छंद माहीत आहे, आकडा माहीत नाही. त्याने विचारलं की "ही गुंतवणूक आहे" असं त्या सांगतात.

गेल्या महिन्यात माळ्यावरची बॅग खाली काढताना हे सगळं सासूबाईंच्या हाती लागलं. त्यांच्या यजमानांनी तीन पत्तीत साताऱ्याकडची जमीन आणि त्यांच्या अंगावरचे दागिने घालवले होते. "हे पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर नको" एवढंच त्या म्हणाल्या आणि तेव्हापासून नीट बोलत नाहीत.

त्यातच कुडाळजवळ राहणाऱ्या मामांचा फोन आला. पणजोबांच्या वेळची गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांची, पेटी त्यांना विकायची आहे, कारण घराच्या छपराचं काम निघालंय. १२० पैकी १०३ पत्ते शिल्लक आहेत. एका माणसाने त्यातले फक्त राजा आणि प्रधान मागितले आहेत, 'बाहेरच्या देशात गिऱ्हाईक आहे' म्हणून. वाचक विचारतात: माझा संग्रह विकून टाकू की माहेरी हलवू? सासूबाईंना कसं समजावू की मी जुगार खेळत नाही? आणि गंजिफा घेऊ का?

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमची बाजू लगेच पटली. पत्ते जमवणं आणि पत्त्यांवर पैसे लावणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दुसऱ्याच्या पापाचा भार तुमच्या छंदाने का वाहावा? दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी सासूबाईंच्या जागी बसून वाचलं, आणि पत्रातली निराळीच वाक्यं डोळ्यांत भरली. पार्सल ऑफिसात मागवते. नवऱ्याला आकडा सांगत नाही. विचारलं तर गुंतवणूक म्हणते. बॅग माळ्यावर ठेवते.

सासूबाईंना पत्ते आणि जुगार यांतला फरक कळत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. पत्त्यांनी घर कसं बुडतं हे या घरात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. आणि त्यांच्या घरात ते जेव्हा बुडत होतं, तेव्हा त्यांना समोर पत्ते दिसत नव्हते. पत्ते कुठल्यातरी पारावर, कुणाच्यातरी माडीवर होते. घरात दिसत होती ती लपवाछपवी. पगार किती आला याचं उत्तर नाही, कपाटातली एखादी वस्तू जागेवर नाही, विचारलं तर "दुप्पट होऊन येणारेत" असं आश्वासन. आता सून म्हणते की ही गुंतवणूक आहे, किंमत वाढणार आहे, आणि बॅग माळ्यावर आहे. त्यांना जे ओळखीचं वाटलं, ते हे वागणं आहे. बॅगेत पत्त्यांऐवजी साड्या किंवा घड्याळं निघाली असती तरी त्या हादरल्या असत्या, इतकंच की त्या हादरण्याचं कारण त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

म्हणून 'मी जुगार खेळत नाही हे कसं समजावू' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. ते त्यांना समजावण्याची गरजच नसावी. तुम्ही पत्रात एक गोष्ट लिहिली आहे, बहुधा सहजच: एखादा नवा कॅट विक्रीला यायची वेळ ठरलेली असते, तेव्हा मीटिंगमध्येही लक्ष लागत नाही, आणि तो हातचा गेला तर दोन दिवस चुटपुट लागते. हे वाचून मला तुमची काळजी वाटली. मर्यादित छपाई, ठरलेली वेळ, 'शेवटचे काही शिल्लक' ही पाटी. हे सगळं माणसाला विचार करायला उसंत मिळू नये म्हणूनच रचलेलं असतं. जुगार नसला तरी त्यातली तलफ खरी आहे, आणि ती तुम्ही स्वतःशी कबूल केलीत तर पुढचं सगळं सोपं होईल.

आधी घरात बोला. नवऱ्याशी पहिल्यांदा, आणि आकड्यासकट. गेल्या बारा महिन्यांत किती गेले, ते बँकेच्या खात्यावरून काढा, कागदावर लिहा आणि त्याच्यासमोर ठेवा. पार्सलखर्च आणि सीमाशुल्क त्यात धरायला विसरू नका. पाकिटावर 'गिफ्ट' लिहिलं की शुल्क लागत नाही, असं अजूनही बरेच जण मानतात. ती सवलत २०१९ च्या डिसेंबरात बंद झाली. आकडा तुम्हाला वाटतो त्याहून मोठा निघण्याची शक्यता आहे. तरी तो सांगा. तुम्ही कमावता, तुमच्या पैशाने घेता, हे खरंच. पण परवानगी मागणं निराळं आणि माहिती देणं निराळं. मी तुम्हाला माहिती द्यायला सांगते आहे.

मग सासूबाईंशी. नवऱ्याला पुढे करू नका, तुम्ही स्वतः बसा. आणि आधी समजावू नका, आधी विचारा. त्यांच्या लग्नानंतरच्या त्या वर्षांबद्दल या घरात कुणी त्यांना कधी नीट विचारलं आहे का? जमीन कधी गेली, दागिने कोणते होते, त्यांच्या माहेरी कळलं तेव्हा काय झालं? बऱ्याच घरांत असल्या गोष्टी 'जाऊ दे ना आता' म्हणून मिटवल्या जातात, आणि जिचं गेलं ती बाई ते एकटीच धरून बसते. त्या बोलल्या तर ऐका. मध्येच "पण आई, माझे पत्ते तसे नाहीत" असं म्हणू नका. शेवटी फक्त एवढं सांगा की तुम्ही लपवलंत हे बरोबर झालं नाही, आणि यापुढे पार्सल घरी येईल. त्या चर्चेत संग्रहाचं समर्थन करायची गरज नाही.

त्या तरीही 'घरात नकोच' म्हणाल्या तर? तसं होऊ शकतं. मग घर दोघींचंही आहे हे धरून वाटणी करावी लागेल. तुमच्या खोलीतलं कपाट तुमचं. हॉलमधल्या शोकेसमध्ये मांडणी नाही, त्यांच्यासमोर जेवणाच्या टेबलावर पसारा नाही. माहेरी हलवण्याचा तुमचा बेत मात्र मला पसंत नाही, कारण ती पुन्हा लपवाछपवीच होईल, फक्त माळा बदलेल. आणि सगळा संग्रह रागाच्या भरात विकू नका. असं विकणारं माणूस वर्षभरात पुन्हा गोळा करतं आणि तेव्हा अधिक लपवून करतं.

आता गुंतवणुकीबद्दल, कारण हा गैरसमज तुमच्यासारख्या पुष्कळ संग्राहकांचा आहे. तुम्ही लास वेगासच्या 'जेरीज नगेट'चं उदाहरण दिलं आहे. त्या कॅसिनोने १९७० मध्ये छापून घेतलेले कॅट पुढे तिथल्या भेटवस्तूंच्या दुकानात अगदी स्वस्तात विकले गेले, आणि काही वर्षांनी त्याच एकेका कॅटला शेकडो डॉलर मोजले जाऊ लागले. गोष्ट खरी आहे. पण ती किंमत का वाढली? ते घेणाऱ्यांनी घेतले, पिसले, वापरले, फेकून दिले. कुणी जपून ठेवायच्या हेतूने घेतलेच नव्हते. जुने पत्ते दुर्मीळ होतात ते खेळणाऱ्यांच्या हातून झिजल्यामुळे, हरवल्यामुळे. २००९ मध्ये किकस्टार्टर ही वेबसाइट सुरू झाली आणि त्यानंतर चित्रकारांनी लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन छापलेल्या कॅटांचा जो पूर आला, त्यातले बहुतेक कॅट तुमच्यासारख्याच कुणाच्यातरी कपाटात सीलबंद पडून आहेत. हजारो छापले आणि हजारो शिल्लक आहेत. काहींची किंमत वाढतेही, पण कुठल्या कॅटची वाढेल हे आधी सांगता येत नाही, आणि वाढली तरी भारतात बसून परदेशी गिऱ्हाइकाला पाठवताना टपालात बरीचशी जाते. शिवाय जेरीज नगेटचे तेच पत्ते २०१९ मध्ये नव्याने छापून निघाले, तेव्हा जुन्या कॅटच्या भरवशावर बसलेल्यांनाही विचार करावा लागला.

तेव्हा 'गुंतवणूक' हा शब्द सोडून द्या. हा छंद आहे, आणि छंदावर खर्च होतो, त्याची लाज बाळगायचं कारण नाही. वर्षाचा एक आकडा नवऱ्यासोबत ठरवा. पुढचे तीन महिने नवा कॅट घेऊ नका. तलफ किती खरी आणि आवड किती खरी हे त्या तीन महिन्यांत तुमचं तुम्हालाच कळेल. विक्रीच्या सूचना पाठवणारे सगळे संदेश बंद करा.

आणि ते सील फोडा! सगळे नाही, पण ज्यांची चित्रं तुम्हाला खरोखर आवडतात त्यांचे तरी. एखाद्या चित्रकाराने वर्षभर खपून बारा चित्रपत्ते, चार एक्के, दोन जोकर आणि पाठीची नक्षी काढलेली असते. आणि तुम्ही त्याचा फक्त डबा पाहिला आहे. दोनशे कॅटांपैकी पन्नासांबद्दल तरी तुम्ही मुलाला पाच मिनिटं काही सांगू शकता का? ज्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ते विकायला काढा. मुलाला या सुट्टीत मेंढीकोट शिकवा, बदाम सात आणि झब्बू त्याला येत असतीलच. बिनपैशाचा डाव घरात मांडला गेला तर सासूबाई दुरूनच बघतील, कदाचित उठून आत जातील. पहिल्याच दिवशी त्यांना पत्ते वाटू नका.

तुमच्या पत्रात सगळ्यात जिव्हाळ्याने लिहिलेला परिच्छेद कोणता होता, सांगू? तो परदेशी कॅटांबद्दल नव्हता. काकांच्या एअर इंडियाच्या कॅटबद्दल होता. एअर इंडियाचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये घडवलेला तो कमरेत वाकलेला महाराजा, डब्याचा उडालेला रंग, आणि त्यातली हरवलेली किलवरची दुर्री. मला वाटतं तुमचा संग्रह तिथे दडलेला आहे. विमान कंपन्यांनी प्रवाशांना दिलेले, औषध कंपन्यांनी दिवाळीला वाटलेले, क्लबांनी आणि हॉटेलांनी छापून घेतलेले भारतातले कॅट फारसं कुणी जमवत नाही. ते पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात, नातेवाइकांच्या ड्रॉवरमध्ये पडलेले असतात. किंमत थोडी, शोधायला कष्ट फार, आणि प्रत्येकामागे एक माणूस सापडतो ज्याला विचारता येतं.

जुन्या बाजारात जाणाऱ्यांसाठी थोडं सांगून ठेवते, कारण 'कंपनी सरकारच्या वेळचे पत्ते' म्हणून वाटेल ते विकलं जातं. जोकर हा पत्ता अमेरिकेत १८६० च्या दशकात आला. कोपऱ्यात छोटा आकडा आणि चिन्ह छापण्याची पद्धत १८७० च्या दशकापासून रुळली. त्याआधी हातातले पत्ते पूर्ण पसरल्याशिवाय कळायचे नाहीत. तेव्हा कोपऱ्यात आकडा आहे, जोकर आहे आणि विकणारा १८५० म्हणतो, तर नमस्कार करून पुढे चला. इंग्लंडमध्ये पत्त्यांवर कर होता आणि तो भरल्याची खूण इस्पिकच्या एक्क्यावर असायची, म्हणून तो एक्का इतका नक्षीदार झाला. १८२८ ते १८६२ या काळातला अतिशय गुंतागुंतीच्या नक्षीचा सरकारी एक्का संग्राहक 'ओल्ड फ्रिझल' म्हणून ओळखतात. इंग्लंडमधला कर १९६० पर्यंत टिकला. अमेरिकेत १९६५ पर्यंत डब्यावर कराचं तिकीट चिकटवत, त्यामुळे तिकीट शाबूत असलेला अमेरिकी कॅट त्याआधीचा, असा अंदाज बांधता येतो. 'बायसिकल' हे अमेरिकी पत्त्यांचं नाव १८८५ पासूनचं आहे, पण तेव्हापासून ते अखंड छापलं जातंय, त्यामुळे नुसत्या नावावरून वय ठरत नाही. जुना कॅट घेताना ५२ पत्ते मोजा, सगळ्यांच्या पाठी जुळतात का बघा, आणि एखादा पत्ता दुसऱ्या कॅटमधून भरती केलेला नाही ना हे उजेडात धरून तपासा. साधी गोष्ट आहे, पण घाईत हमखास राहते.

आता गंजिफा. मला या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच वाटतं.

तुमच्या पणजोबांची पेटी दशावतारी गंजिफाची आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक ते दहा आणि वर राजा व प्रधान, असे १२० गोल पत्ते. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू, याप्रमाणे चिन्हं मोजून पत्ता ओळखायचा. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाला चाळीस पत्ते. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करणार, दिवे लागल्यावर कृष्णाचा. हा खेळ आपल्याकडे बराच जुना आहे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आठ रंगांची ९६ पत्त्यांची मोगल गंजिफा आणि देवादिकांची दशावतारी गंजिफा दोन्ही चालत. बंगालमध्ये बिष्णुपूरला, ओडिशात, म्हैसूरला याच खेळाची आपापली रूपं झाली. बिष्णुपूरच्या संचात नववा अवतार म्हणून जगन्नाथ बसतो.

आणि कोकणात सावंतवाडी. तिथले चितारी कागदाचे थर चिकटवून गोल चकत्या करत, चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड लावून त्या घोटत, वर रंग आणि लाखेचा थर देत. जाड, टणक, हातात खडखडणारे पत्ते. छापील पत्ते स्वस्त झाले आणि हा धंदा बसला. १९७० च्या सुमारास सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी शोध घेतला तेव्हा ही कला जाणणारे पुंडलिक चितारी यांच्यासारखे वृद्ध कारागीर उरले होते. त्यांच्याकडून ती पुढच्या लोकांना शिकवली गेली, म्हणून आज राजवाड्यात कारागीर गंजिफा रंगवताना बघायला मिळतात. तिथे दोन दर्जाचं काम ओळखलं जातं, दरबारी कलम आणि बाजार कलम. मामांच्या पेटीतले पत्ते बाजार कलमाचे असले, रंग भरड असले, म्हणून ते कमी मोलाचे समजू नका. ते खेळून झिजलेले आहेत. तुमच्या पणजोबांचा अंगठा जिथे बसायचा तिथली लाख गेलेली असेल.

मामांकडे आलेला माणूस राजा आणि प्रधान तेवढे मागतो आहे, कारण ते चित्रासारखे चौकटीत लावता येतात. दहा रंगांचे मिळून ते वीस पत्ते. तेवढे गेले की उरलेल्या पत्त्यांना गिऱ्हाईक नाही, ते कोनाड्यात पडतील आणि दोन पावसाळ्यांत संपतील. अनेक जुने संच अशाच रीतीने मोडले गेले आहेत. फुटकळ विकत घेणारा आपण कलेवर प्रेम करतो असं मानतो, पण संच मोडायला त्याचाच पैसा कारणीभूत होतो. तेव्हा सगळ्याच संग्राहकांना विनंती: जुन्या गंजिफाचा एकटा राजा कुणी विकत असेल, तर उरलेला संच कुठे आहे हे आधी विचारा. उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

'बाहेरच्या देशातलं गिऱ्हाईक' ही गोष्ट तर मामांना स्पष्ट सांगाच. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. त्या माणसाकडे परवाना आहे का, हे मामांनी विचारावं. पणजोबांची पेटी शंभर वर्षांची आहे की ऐंशी, हे घरच्यांच्या आठवणीवरून ठरणार नाही; भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात चौकशी केली तर वय कसं ठरवायचं आणि नोंदणी लागते का, हे कळेल. खर्चाचं काम नाही, थोडी पायपीट आहे.

मग घ्यायची की नाही? तुमच्यापुढे तीन वाटा आहेत असं मला दिसतं. तुम्ही अख्खी पेटी विकत घ्यायची. मामा आणि तुमची आई मिळून ती एखाद्या संग्रहालयाला द्यायची. किंवा ती मामांकडेच ठेवून छपरासाठी पैशाची दुसरी सोय करायची. तुम्ही तिसरीचा विचारच केलेला दिसत नाही. मामांना पेटी विकायची हौस नाही, छपराची निकड आहे. तुमच्या बहीण-भावंडांनी मिळून कौलांचा खर्च उचलला तर पेटी जिथे आहे तिथेच राहते. आणखी एक, ती पणजोबांची आहे, म्हणजे तुमच्या आईचाही त्यात शब्द हवा. मामा-भाचीत परस्पर व्यवहार झाला आणि आईला नंतर कळलं, तर आणखी एक अबोला सुरू होईल.

सगळ्यांच्या संमतीने तुम्ही घ्यायची ठरलीच, तर मला आनंद होईल. सीलबंद कॅटांपैकी ज्यांच्याशी तुमचा काही संबंध नाही ते विकून पैसे उभे करा. मामांना घरचं माणूस म्हणून कमी देऊ नका. या विषयातल्या जाणकाराकडून किंमत ठरवून घ्या, रक्कम बँकेतून द्या आणि कुणाकडून, कधी, कितीला, पेटी घराण्यात कशी आली हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पुढच्या पिढीला त्या कागदाची किंमत कळेल. नवऱ्याशी हिशेबाचं बोलणं झाल्याशिवाय मात्र हा व्यवहार करू नका.

गहाळ सतरा पत्ते नवे करून घेता येतील. सावंतवाडीत कारागीरांना मूळ पत्ते दाखवून त्याच मापाचे, त्याच वळणाचे रंगवून मागा, पण प्रत्येकाच्या पाठीवर बारीक अक्षरात वर्ष लिहून घ्या म्हणजे जुन्या-नव्याची सरमिसळ होणार नाही. जुन्या पत्त्यांवर हात फिरवू देऊ नका. उडालेला रंग उडालेलाच राहू द्या. पुसायचं झालं तर कोरड्या मऊ ब्रशने, पाणी नाही, तेल नाही, पॉलिश तर नाहीच.

सांभाळण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कल्याणची हवा आणि माळा हे ऐकून राहवत नाही. माळा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो आणि पावसात दमट होतो. कॅट तिथून आजच खाली आणा. बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं लाकडी किंवा लोखंडी कपाट, हवाबंद डबे, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि त्या दर पावसाळ्यात बदलायच्या. रबरबँड कधीही नाही, तो वितळून कागदाला चिकटतो आणि डाग पाडतो. लॅमिनेशन नाही. डांबराच्या गोळ्या लाखेच्या आणि प्लॅस्टिकच्या पत्त्यांजवळ ठेवू नका. कसर दिसली तर तो डबा वेगळा काढा.

सासूबाईंबद्दल शेवटचं एक. गंजिफावर राम-कृष्ण आहेत, तेव्हा ती दाखवून त्यांचं मन वळवता येईल, असं तुम्ही लिहिलं आहे. तसं करू नका. देवांची चित्रं पुढे करून त्यांचं दुःख खोडून काढल्यासारखं होईल, आणि गंजिफावरही लोकांनी पैसे लावले आहेत हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असलं तर तुमचा शब्द हलका पडेल. पेटी घरी आली तर काय आहे, कुणाची आहे, कितीला घेतली, हे सरळ सांगा. बघायची की नाही ते त्या ठरवतील.

बाकी सगळं सावकाश होऊ द्या, पण मामांना फोन आज संध्याकाळीच करा. त्या माणसाला एकही पत्ता देऊ नका म्हणावं, आणि पत्ते पेटीतून काढून एकेका रंगाप्रमाणे मांडून प्रत्येकाचा फोटो काढायला सांगा. नेमके कुठले सतरा गेले आहेत ते त्यावरून कळेल. कधीकधी हरवलेले पत्ते त्याच घरात, देवघराच्या फळीमागे किंवा जुन्या ट्रंकेच्या तळाशी मिळतात, तेव्हा छप्पर उतरवण्याआधी मामींना तिथेही एकदा बघायला सांगा.